विद्यापीठाचं ‘व्हिजन’ कुणी ठरवायचं? औंधच्या प्रयोगाची गोष्ट

(एपिसोडचं लेखी रूप. वाचायला सोपं जावं म्हणून बोलण्यातली थोडी पुनरुक्ती काढली आहे.)

आजची गोष्ट सुरू होते १९३८ साली, सातारा जिल्ह्यात. सत्तरीला आलेला एक राजा जाहीर करतो की माझ्या राज्याचा कारभार आता रयतेने चालवायचा. त्याच्यावर कुणी सैन्य पाठवलेलं नाही. ब्रिटिशांनीही त्याला असं करायला सांगितलेलं नाही. उलट ते भुवया उंचावून बघतायत.

राजाचं नाव भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. सगळे त्यांना बाळासाहेब म्हणायचे. राज्य औंधचं. यमाईच्या दर्शनाला किंवा डोंगरावरचं म्युझियम बघायला तुमच्यातले काही जण औंधला गेले असतील. ते म्युझियम याच राजाचं. सूर्यनमस्कार घराघरांत पोचवणारा, स्वतः चित्रं काढणारा, भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला लाखाची देणगी देऊ करणारा हा माणूस.

आता तुम्ही म्हणाल, टायटलमध्ये विद्यापीठ आहे आणि तू राजा कुठून काढलास? सांगतो.

हा विषय आत्ता का?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एक गोष्ट आहे, जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेने आपला ‘इन्स्टिट्यूशनल डेव्हलपमेंट प्लॅन’ बनवायचा, म्हणजे पुढची अनेक वर्षं आपण कुठे जाणार याचा आराखडा. आणि तो एकट्या कुलगुरूंनी किंवा प्राचार्यांनी लिहायचा नाही. संचालक मंडळ, प्राध्यापक, विद्यार्थी आणि कर्मचारी या सगळ्यांनी मिळून तयार करायचा, असं धोरणातच म्हटलंय. महाराष्ट्रात विद्यापीठाचा बृहत् आराखडा तर आधीपासूनच आहे. नवीन कॉलेज कुठे, नवीन कोर्स कुठला, हे त्यात ठरतं.

म्हणजे कागदावर तुम्हाला विचारायचं आहे. प्रत्यक्षात बहुतेकांच्या वाट्याला व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एक लिंक येते. ‘विद्यापीठ २०४७ मध्ये कसं असावं? कमाल २०० शब्द.’ आपण चहा पिता पिता ती भरतो किंवा भरतच नाही. पुढे त्याचं काय झालं, हे कुणी कळवत नाही.

‘तुम्हीच सांगा, पुढे काय करायचं’ हा प्रश्न आपल्याच मातीत एकदा खरोखर विचारला गेला होता. तो विद्यापीठात विचारला गेला नव्हता, एका संस्थानात विचारला गेला होता. पण त्यातून काय साधलं आणि काय राहिलं, हे बघितलं की आपल्या कॅम्पसवरची ती लिंक वेगळी दिसायला लागते.

तुकड्या-तुकड्यांचं राज्य

औंध संस्थान म्हणजे नकाशावर सांडलेले तुकडे. एक तुकडा औंधच्या आसपास. दुसरा आटपाडी, माणदेशातला दुष्काळी टापू, आज सांगली जिल्ह्यात. तिसरा कुंडल, तोही आज सांगलीत. चौथा गुणदाळ, तो थेट विजापूरकडे, आज कर्नाटकात. एकूण ७२ गावं, आणि लोकसंख्या लाखाच्याही आत.

संस्थान लहान असलं तरी तिथली माणसं बघा. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली ती याच राजाने दिलेल्या जागेवर. वेदांचे अभ्यासक आणि चित्रकार पंडित सातवळेकर इथे बरीच वर्षं राहिले. औंधच्या शाळेत साने गुरुजी शिकले, गदिमा शिकले. गरिबाच्या पोराला इथे शिकता येतं, अशी त्या शाळेची ख्याती होती.

१९३८ चं वातावरणही लक्षात घ्या. देशभर संस्थानांतली जनता उठली होती. राजकोट, म्हैसूर, हैदराबाद, सगळीकडे प्रजेला जबाबदार राज्यपद्धती हवी होती. बहुतेक राजे लाठ्या चालवत होते. औंधमध्ये उलटं घडलं.

त्यामागे दोन तरुण होते. एक म्हणजे राजाचा मुलगा आप्पासाहेब पंत. जन्म १९१२ चा, ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन नुकताच परत आलेला. दुसरा मॉरिस फ्रीडमन. पोलंडमधला ज्यू इंजिनिअर. बंगळुरात म्हैसूर सरकारचा विजेच्या सामानाचा कारखाना चालवायचा. मग भगवी वस्त्रं घातली, भारतानंद नाव घेतलं. पुढे निसर्गदत्त महाराजांचे मराठी संवाद इंग्रजीत आणून ‘आय अ‍ॅम दॅट’ हे पुस्तक जगापुढे ठेवणारा तो हाच फ्रीडमन.

राजाने सत्ता सोडायची तयारी दाखवली, पण ती द्यायची कशी? हे विचारायला मंडळी गांधीजींकडे गेली.

गांधीजींचा आराखडा

औंधमध्ये विधिमंडळ बसवावं, निवडणुका घ्याव्यात, मंत्री नेमावेत, हे कुणालाही सुचलं असतं. गांधीजी म्हणाले, खालून सुरू करा. आधी गाव.

जानेवारी १९३९ मध्ये औंधचं नवं संविधान लागू झालं. त्याचा सांगाडा साधा होता. गावाने पाच जणांची पंचायत निवडायची. तालुक्यातल्या पंचायतींच्या अध्यक्षांनी मिळून तालुका समिती व्हायची. आणि संस्थानच्या विधिमंडळात बहुतेक माणसं या तालुका समित्यांमधून यायची. म्हणजे राजधानीत बसायचं असेल, तर वाट गावातून जाणार. ज्याला आपल्या गावची विहीर आणि शाळा माहीत नाही, तो वर पोचायची शक्यताच कमी.

यातल्या तीन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, पैसा. महसुलाचा मोठा वाटा गावांच्या हातात द्यायचं ठरलं. राजाचा स्वतःचा खर्च कापला गेला. पंचायतीला नुसतं ‘सूचना करा’ म्हटलं असतं तर चार बैठकींनंतर कुणी फिरकलं नसतं. रस्ता आधी की शाळेचं छप्पर आधी, हा वाद खरा होतो तो हातात पैसे असले की. मग माणसं रात्री कंदील लावून बसतात आणि भांडतात. माझ्या मते नियोजन शिकायची हीच जागा आहे.

दुसरी, अट. मत द्यायचं तर लिहिता-वाचता आलं पाहिजे. आज हे ऐकून आपल्याला खटकतं आणि खटकायलाच पाहिजे, कारण त्या काळी शिक्षण कुणाला मिळत होतं आणि कुणाला नाही, हे आपल्याला माहीत आहे. पण त्या अटीची दुसरी बाजूही होती. अट घातली तर शिकवायची जबाबदारी राज्यावर येते. त्यामुळे प्रौढांच्या साक्षरतेचं काम हाती घ्यावं लागलं. ‘लोक अडाणी आहेत, त्यांना काय विचारायचं’ म्हणून विषय मिटवता येत नव्हता. लोकांना विचारायचं असेल तर त्यांना आधी तयार करा, ही जबाबदारी विचारणाऱ्याची.

तिसरी, पाय. आप्पासाहेब आणि फ्रीडमन या तुकड्या-तुकड्यांच्या राज्यात गावोगाव फिरले. संविधान छापून वाटलं आणि झालं, असं नव्हतं. पंचायत म्हणजे काय, हिशेब कसा ठेवायचा, भांडण गावात कसं मिटवायचं, हे बसून सांगावं लागलं.

याच काळातला एक प्रयोग तुम्हाला वेगळ्या वाटेने माहीत असेल. १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत उभी राहिली, कैद्यांसाठी, भिंती नसलेली. फ्रीडमनची कल्पना. कैदी कुटुंबासह राहणार, शेती करणार. ती आजही आहे. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा सिनेमा यावरूनच सुचला आणि त्याची कथा गदिमांची, जे त्याच टापूतले. ज्यांच्यावर कुणीच विश्वास ठेवत नाही, त्यांच्यावर ठेवून बघू, हा औंधच्या सगळ्या प्रयोगाचाच सूर होता.

तराळाचा मुलगा कुठे होता?

इथपर्यंत ऐकून वाटेल, वा, सुवर्णयुग. पण इतिहास सांगताना आपण थोडं थांबून विचारायचं असतं, की या चित्रात कोण दिसत नाहीये?

आटपाडीत १९२१ मध्ये एक मुलगा जन्मला, शंकर. महार कुटुंब, वडिलांकडे गावची तराळकी. तराळ म्हणजे गावकीचा निरोप्या, सरकारी कामाला राबणारा, हाक मारली की धावणारा. औंधला संविधान लागू झालं तेव्हा हा मुलगा सतरा वर्षांचा होता. पुढे तो मोठा लेखक झाला. शंकरराव खरात. त्यांचं आत्मचरित्र ‘तराळ-अंतराळ’. त्यात जे गाव दिसतं, ते पंचायतीच्या संविधानातलं गुण्यागोविंदाचं गाव नाही. तिथे कुणी कुठल्या विहिरीवर जायचं, कुणी कुठे उभं राहायचं, हे जातीने आधीच ठरवलेलं आहे.

‘गावाला विचारा’ म्हटलं की प्रश्न येतो, गाव म्हणजे कोण? पाच पंच निवडायचे तर ते कुणातून निवडले जाणार? राजाने अधिकार खाली दिला, पण खालीही उतरंड होतीच. डॉ. आंबेडकर पुढे संविधान सभेत खेड्यांबद्दल इतकं कडक बोलले, ते याच अनुभवातून.

आता गोष्टीतला पुढचा धागा बघा. तराळाचा हा मुलगा शिकला, वकील झाला, आणि औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला. त्याच विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं, हा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ ला केला आणि मराठवाडा पेटला. दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नामविस्तार प्रत्यक्षात आला तो १४ जानेवारी १९९४ ला. साडेपंधरा वर्षं.

हे विद्यापीठ कुणाचं, आणि ते कुणाच्या नावाने ओळखलं जाणार, हा ‘व्हिजन’चाच प्रश्न होता. आणि तो फॉर्म भरून सुटला नाही. म्हणून कुणी ‘सर्व घटकांचा सहभाग’ असं म्हटलं की मी आधी विचारतो, कुठले घटक? हॉस्टेलवरची मुलगी त्यात आहे का? कंत्राटी सफाई कामगार? एसटीने रोज दोन तास प्रवास करून येणारा पोरगा, ज्याची शेवटची गाडी मीटिंग सुरू व्हायच्या आधीच सुटते?

औंध ते नैरोबी

आप्पासाहेब पंतांची गोष्ट औंधला संपत नाही. १९४८ साली ते भारताचे कमिशनर म्हणून पूर्व आफ्रिकेत, नैरोबीला गेले. तेव्हा केनियात ब्रिटिश राज्य. गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, आशियाईंच्या वेगळ्या, आफ्रिकनांच्या वेगळ्या.

गांधीजींची हत्या नुकतीच झालेली. तिथल्या भारतीय समाजाने ठरवलं की त्यांचं जिवंत स्मारक म्हणून कॉलेज उभारायचं. कला, विज्ञान, वाणिज्य. व्यापाऱ्यांनी, दुकानदारांनी, नोकरदारांनी पैसे जमवले. आप्पासाहेब या कामाच्या पाठीशी होते.

त्याच वेळी सरकारही नैरोबीत एक तंत्र महाविद्यालय काढत होतं. त्याला १९५१ मध्ये राजसनद मिळाली. एका गावात दोन संस्था कशाला? बोलणी झाली आणि एप्रिल १९५४ मध्ये गांधी स्मारक अकादमी त्या सरकारी कॉलेजात विलीन झाली. एप्रिल १९५६ मध्ये पहिली बॅच बसली. दार सगळ्या वर्णांच्या विद्यार्थ्यांना उघडं होतं. नुसत्या तांत्रिक शिक्षणाऐवजी कला आणि विज्ञानही आलं. तेच कॉलेज वाढत वाढत १९७० मध्ये नैरोबी विद्यापीठ झालं. गांधीजींचा पुतळा तिथे आजही आहे.

औंधमध्ये राजाने खाली दिलं. नैरोबीत समाजाने स्वतः उभं केलं आणि ते घेऊन सरकारसमोर बोलणी करायला बसला. हातात जमवलेला निधी आणि स्वतःची तयार योजना होती, म्हणून सरकारला ऐकावं लागलं. पण इथेही तोच प्रश्न येतो. ज्या आफ्रिकन लोकांचा तो देश, त्यांचा त्या टेबलावर आवाज किती होता? फारच थोडा. १९५२ पासून तर तिथे आणीबाणी होती. आप्पासाहेबांची आफ्रिकन नेत्यांशी मैत्री ब्रिटिशांना खुपायची, ती याच काळात.

१९४८: एका सहीत संपलं

औंधकडे परत येऊ. मधल्या काळात १९४२ चं आंदोलन झालं, साताऱ्यात प्रतिसरकार उभं राहिलं. त्याचं एक मोठं केंद्र कुंडल, म्हणजे औंधच्याच हद्दीतलं गाव. भूमिगतांना संस्थानच्या हद्दीत आसरा मिळायचा.

मग स्वातंत्र्य आलं. ८ मार्च १९४८ ला औंध मुंबई प्रांतात विलीन झालं. देश एक होत होता, विलीनीकरण गरजेचं होतं, त्यावर माझा आक्षेप नाही. पण पंचायतींचा तो प्रयोगही त्याबरोबर गेला. जेमतेम नऊ वर्षं मिळाली. नव्या प्रशासनाच्या लेखी औंध म्हणजे नकाशावर मिळवायचे चार तुकडे होते. गाव, तालुका आणि त्यावरची पातळी अशी उतरंड महाराष्ट्रात पुन्हा आली ती १९६२ मध्ये, जिल्हा परिषदांच्या रूपाने. देशाच्या संविधानात पंचायतींना पक्की जागा मिळाली ती ७३ व्या घटनादुरुस्तीने, १९९३ मध्ये.

औंधचा हा सगळ्यात कडू धडा आहे. सहभाग कितीही खरा असला तरी तो एका भल्या माणसाच्या मर्जीवर उभा असेल, तर माणूस गेला की तोही जातो. बाळासाहेब १९५१ मध्ये वारले. आप्पासाहेब राजदूत म्हणून देशोदेशी फिरत राहिले. गावाला सवय लागायला अजून एक पिढी लागली असती.

मग तुमच्या कॅम्पसचं काय?

आज औंध सातारा जिल्ह्यात आहे, आटपाडी आणि कुंडल सांगलीत. दोन्ही जिल्हे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात, जे १९६२ साली सुरू झालं. म्हणजे ज्या गावांना १९३९ मध्ये ‘तुमचं तुम्ही ठरवा’ म्हटलं गेलं, तिथली नातवंडं-पणतवंडं आज त्या विद्यापीठाच्या कॉलेजांमध्ये बसलीयत.

कुठल्याही विद्यापीठाचा हिशेब बघा. विद्यार्थी तीन वर्षं असतो, एमए-एमएससी धरून पाच. कुलगुरूंची मुदत पाच वर्षं. आणि आराखडा मात्र पंधरा-वीस वर्षांचा. म्हणजे जे लिहितात त्यातलं कुणीच तो पूर्ण होताना तिथे नसतं. औंधमध्ये १९४८ ला जे झालं, ते विद्यापीठात दर पाच वर्षांनी होऊ शकतं. नवे साहेब येतात, नवं व्हिजन येतं, जुनं कपाटात जातं.

टिकून कोण राहतं? प्राध्यापक, लायब्ररीतले आणि ऑफिसातले कर्मचारी, आजूबाजूचं गाव, आणि माजी विद्यार्थी. आराखड्याची आठवण यांच्याकडे राहते, पण यांनाच सगळ्यात कमी विचारलं जातं.

म्हणून पुढच्या वेळी लिंक आली की ती भराच. पण सोबत तीन प्रश्नही विचारा. औंधवरूनच घेतलेत.

पहिला: विचारायला तुम्ही कुठे गेलात? विद्यापीठाच्या सभागृहात बोलावलंत, की आटपाडीच्या कॉलेजात येऊन मराठीत बोललात?

दुसरा: यातल्या किती पैशांवर आमचा निर्णय चालेल? सगळं बजेट कुणी मागत नाही. पण हॉस्टेल, लायब्ररीची वेळ, बसची सोय, यासाठीचा एखादा हिस्सा विद्यार्थ्यांच्या समितीला ठरवू दिला, तर त्या बैठकीला माणसं येतील आणि भांडतीलसुद्धा. ते चांगलंच आहे.

तिसरा: आम्ही जे सांगितलं, त्यातलं काय घेतलं, काय नाही, आणि का नाही, हे लेखी कधी कळवणार?

आणि एक दार आधीच उघडं आहे, फक्त आपण त्याकडे बघत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार प्रत्येक विद्यापीठाच्या अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, १० सदस्य नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून द्यायचे असतात. अधिसभेपुढे विद्यापीठाचा अर्थसंकल्प येतो. तिथला सदस्य प्रश्न विचारू शकतो. पण मत द्यायचं तर आधी पदवीधर म्हणून स्वतःचं नाव नोंदवावं लागतं. नुसती डिग्री पुरत नाही. अर्ज करावा लागतो. तुमच्या ग्रुपवर विचारून बघा, किती जणांनी नाव नोंदवलंय. पाटी कोरी निघाली तर आश्चर्य वाटायला नको.

औंधच्या शेतकऱ्याला मत द्यायला आधी अक्षरं गिरवावी लागली. आपल्याला एक फॉर्म आणि डिग्रीची झेरॉक्स. त्याने रात्रीच्या वर्गाला बसून ते केलं. आपण तर फोनवरच बसलेलो असतो.

या आठवड्याचं काम एवढंच: आपल्या विद्यापीठाच्या वेबसाइटवर पदवीधर नोंदणी कधी आणि कशी होते ते शोधा, आणि अजून शिकत असाल तर घरात जो कुणी पदवीधर आहे त्याला सांगा. औंधला गेलात तर म्युझियम बघाच, पण आटपाडीच्या बाजूला स्वतंत्रपूरही बघून या. भेटू पुढच्या भागात.